फलाटावरचा गुन्हा आणि चौसाळ्याचा रस्ता

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील चौसाळ्याच्या रस्त्यावरून माणसांची वाहतूक सुरू होते. सोलापूर-धुळे महामार्गावरचे हे गाव. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील कोरडवाहू खेडी याच्या आजूबाजूला पसरलेली. ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये भांडीकुंडी, सरपण, शेळ्या-कोंबड्या, खोपीसाठी लागणारा ताडपत्रीचा तुकडा आणि या सर्वांच्या वर लेकरांना मांडीवर घेतलेल्या बाया रचलेल्या असतात. तोंड सोलापूर, सांगली, कोल्हापूर किंवा थेट कर्नाटकाकडे. पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडायचा आणि पट्टा पडला की परत यायचे. या वाहनांना वाटेत कोणी अडवीत नाही. बाई, तू स्वतःच्या खुशीने निघालीस काय, तुझ्या नावावर उचल कोणी घेतली, ती फिटली नाही तर तुला परत येऊ देतील काय, असे प्रश्न कोणताही अंमलदार विचारीत नाही. ही वाहतूक इतकी जुनी आणि इतकी उघड आहे, की ती कोणाच्या डोळ्यांना खुपतच नाही.

२५ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधील दुर्ग रेल्वे स्थानकावर मात्र हे सारे प्रश्न एकदम विचारले गेले. केरळमधील एका कॅथलिक संघाच्या दोन धर्मभगिनी नारायणपूर भागातील तीन तरुणींना नोकरीसाठी आग्र्याला नेण्यास आल्या होत्या. बरोबर एक आदिवासी तरुण होता. बजरंग दलाच्या कार्यकर्त्यांनी गलका केला, तक्रार केली आणि रेल्वे पोलिसांनी त्या दोघींना व त्या तरुणाला अटक केली. भारतीय न्याय संहितेचे कलम १४३, म्हणजे माणसांचा अपव्यापार, आणि जोडीला १९६८ चा धर्मस्वातंत्र्य कायदा, असे गुन्हे लावण्यात आले. आम्ही आमच्या मर्जीने निघालो होतो, असे त्या तरुणींनी पुढे सांगितले. बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने २ ऑगस्टला जामीन दिला. तोपर्यंत आठ दिवस त्या भगिनी तुरुंगात होत्या.

या दोन दृश्यांतला फरक हाच या लेखाचा विषय होय. एकीकडे नोकरीला निघालेल्या तीन सज्ञान मुली आणि त्यांना नेणाऱ्या दोन संन्यासिनी दिसताच कायद्याला अपव्यापार आठवतो. दुसरीकडे कर्जाच्या दाव्याला बांधलेली हजारो कुटुंबे डोळ्यांसमोरून जातात आणि त्याच कायद्याला झोप लागते. ज्या राज्यव्यवस्थेला क्रूस दिसला की गुन्हा दिसतो आणि उचल दिसली की व्यवहार दिसतो, तिला अपव्यापाराची चीड आहे असे म्हणणे ही सत्याची थट्टा आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. संविधानाचे तेविसावे कलम माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार या दोहोंना एकाच वाक्यात मनाई करते. घटनाकारांनी ही दोन पापे शेजारी बसविली, कारण त्यांचे रक्त एकच आहे. अपव्यापार म्हणजे केवळ कुंटणखान्यात विकलेली मुलगी नव्हे. कलम १४३ नुसार शोषणासाठी माणसाची भरती करणे, त्याला एका जागेहून दुसरीकडे नेणे, ठेवून घेणे हा अपव्यापारच आहे. त्यासाठी धाक, फसवणूक वा प्रलोभन वापरले गेले की गुन्हा होतो, आणि ज्या माणसाचा दुसऱ्यावर ताबा आहे त्याची संमती पैसे देऊन मिळविणे हेही प्रलोभनच ठरते. शोषणाच्या व्याख्येत गुलामी आणि गुलामीसारख्या प्रथा येतात. बळी पडलेल्याची संमती होती, ही पळवाट कायद्याने ठेवलेलीच नाही.

आता हे शब्द चौसाळ्याच्या रस्त्यावर लावून पाहावेत. ऊसतोडीच्या धंद्यात नवराबायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. उचल जोडीची ठरते आणि मोजली जाते नवऱ्याच्या हातात. म्हणजे बायकोचे सहा महिन्यांचे श्रम तारण पडतात ते नवऱ्याला दिलेल्या पैशावर. ज्याचा ताबा आहे त्याला पैसे देऊन संमती मिळविणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते? हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या वहीत चढते. माणसे डांबून ठेवल्याच्या, उचलीपायी घरच्यांना उचलून नेल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून येत राहतात. वेठबिगार पद्धत नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. आगाऊ रकमेच्या बदल्यात श्रमाचे आणि हालचालीचे स्वातंत्र्य गमावणे यालाच त्या कायद्याने बंधबिगारी म्हटले आहे. आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम हे तेविसाव्या कलमाच्या अर्थाने सक्तीचेच काम होय. भुकेची सक्ती ही सक्तीच असते. या निकालाला चार दशके होऊन गेली. बालाघाटच्या पायथ्याशी तो अजून पोहोचायचा आहे.

मजुरीचा हिशेबही करावा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तिचा मोठा गाजावाजा झाला. वाढीनंतरचा दर टनामागे सुमारे ३६६ रुपये. एका कोयत्याने दिवसाकाठी दोन टन ऊस तोडला असे धरले, तर दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात. म्हणजे माणशी ३६६. त्यासाठी पहाटे अंधारात फडात शिरायचे, तोडायचे, सोलायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. बाईने याआधी भाकरी थापलेल्या असतात आणि यानंतर पाणी भरायचे असते, त्याची मोजणी कोणत्याच टनात होत नाही. आणि एवढे करून हा पैसा हातात येत नाही, तो उचलीत वळता होतो.

या व्यवहाराची खरी किंमत २०१९ साली आकड्यांत बाहेर आली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा बायांमागे एक. पंधरा ते एकोणपन्नास वयोगटात देशाचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तीन टक्क्यांच्या आसपास आहे. वयोगटांचा फरक जमेस धरला तरी ही तफावत योगायोगाची नव्हे. फडावर खाडा पडला की दंड बसतो, आणि पाळीला व दुखण्याला दंडाच्या वहीत सूट नाही. यात खासगी दवाखान्यांचा लोभ मिसळला. साखरेच्या पोत्यावर या शस्त्रक्रियांची नोंद नसते, इतकेच.

धर्मांतराच्या धास्तीने ज्यांची झोप उडते, त्यांनी या वहीतले रूपांतर कधी पाहिले आहे काय? येथे बाईला नाव नसते, ती अर्धा कोयता असते. माणसाचे अवजार होणे याहून मोठे धर्मांतर कोणते? ते दरवर्षी होते, दिवसाढवळ्या होते आणि त्याविरुद्ध एकही मोर्चा निघत नाही.

आता धर्मभगिनींकडे वळू. त्यांच्यावर आरोप करणाऱ्यांना त्या काय करतात हे ठाऊक नसते असे नाही. ठाऊक असते म्हणूनच राग असतो. जगभरच्या स्त्री-संन्याससंघांच्या प्रमुखांच्या रोममधील संघटनेने २००९ साली अपव्यापाराविरुद्ध एक जाळे उभारले. त्याचे नाव ‘तालिथा कुम’. येशूच्या बोलीतील या शब्दांचा अर्थ ‘मुली, ऊठ’ असा आहे. भारतातील संन्यासिनींनी त्याच सुमारास ‘अम्रत’ या नावाने आपली फळी बांधली. विकल्या गेलेल्या मुलीला आसरा देणे, न्यायालयात तिच्याबरोबर उभे राहणे, तिला हातात कसब देणे, घर घेत असेल तर घरी पोहोचविणे आणि घर घेत नसेल तर घर होणे, असे हे काम आहे. ते चिकाटीचे, कंटाळवाणे आणि टाळ्या न मिळणारे काम आहे. कुंटणखान्यावरील छाप्याचे छायाचित्र वृत्तपत्रात येते. त्यानंतरची दहा वर्षे त्या मुलीबरोबर कोण राहते, याची बातमी होत नाही.

महाराष्ट्रात याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. पुण्याजवळच्या वढू बुद्रुक येथे होली क्रॉस संघाच्या सिस्टर लुसी कुरियन यांनी १९९७ साली ‘माहेर’ उभे केले. त्यामागची घटना १९९१ सालची. एक गरोदर बाई मठात आसरा मागायला आली. त्या वेळी सोय होऊ शकली नाही, उद्या पाहू असे तिला सांगावे लागले. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिले. ‘उद्या’ हा शब्द किती महाग पडतो हे त्या रात्री कळले, आणि त्या कळण्यातून दार कधीही बंद न होणारे घर उभे राहिले. येथे सर्व धर्मांच्या बाया-मुले राहतात, सर्वांचे सण होतात. नावही पाहा. ज्या भाषेत जात्यावर बसून माहेराची ओवी गाइली जाते, त्या भाषेतून एका मल्याळी संन्यासिनीने आपल्या कामासाठी नेमका शब्द उचलला. केंद्र शासनाने तिला नारीशक्ती पुरस्कार दिला. एका संन्यासिनीला पुरस्कार द्यायचा आणि दुसरीला फलाटावरून कोठडीत न्यायचे, हे एकाच राज्यव्यवस्थेचे दोन हात आहेत.

मराठी माणसाला ही कथा नवी वाटू नये. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरणाऱ्या, दलालांच्या हाती सापडणाऱ्या मुली-बायांना आगगाडीने केडगावला घेऊन आल्या. रमाबाई प्रॉटेस्टंट होत्या, संन्यासिनी नव्हत्या. परंतु त्यांच्यावरचा आरोप हाच होता. त्यांच्या शारदा सदनावर पुण्यातील पुढाऱ्यांनी १८९३ सालीच वादळ उठविले होते. त्या मुली दुष्काळात मेल्या असत्या तर धर्म शाबूत राहिला असता, असा त्या रागाचा अर्थ होतो. आजच्या रागाचा अर्थही याहून निराळा नाही.

धर्मांतराचे काय, असे विचारले जाते, आणि त्याला टाळाटाळ न करता उत्तर दिले पाहिजे. विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य पंचविसाव्या कलमाने दिलेले आहे. आमिष दाखवून वा धाकाने कोणी धर्म बदलवीत असेल तर त्याचा पुरावा न्यायालयात आणावा. जमावाने रेल्वेच्या फलाटावर न्यायदान करू नये. आणि ज्यांना गरीब बाईला कोणी मोहात पाडील अशी भीती वाटते, त्यांच्यासाठी उपाय सोपा आहे: तिची गरिबी दूर करावी. पोट भरलेल्या, कर्ज नसलेल्या, लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला कोणीच विकत घेऊ शकत नाही. मुकादमही नाही आणि मिशनरीही नाही.

याचा अर्थ मठांना तपासणी नको असा नाही. आयर्लंडमध्ये मॅग्डलेन आश्रमांच्या धुलाईघरांत संन्यासिनींनीच हजारो बायांना कोंडून विनामोबदला राबविले, आणि त्याबद्दल तेथील पंतप्रधानांना फेब्रुवारी २०१३ मध्ये संसदेत माफी मागावी लागली. रांचीच्या एका आश्रमातून मूल विकल्याच्या आरोपावरून जुलै २०१८ मध्ये एका भगिनीला अटक झाली होती. जेथे बंद दार आणि असहाय माणूस एकत्र येतात, तेथे तपासणी हवीच. ती सरकारी सुधारगृहात हवी, हिंदू आश्रमात हवी, मदरशात हवी आणि मठातही हवी. परंतु तपासणी म्हणजे गळचेपी नव्हे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती करून लहान संस्थांना मोठ्या संस्थेमार्फत पैसा मिळण्याची वाटच बंद करण्यात आली. मदर तेरेसा यांच्या संघाची नोंदणी २०२१ च्या नाताळात नाकारली गेली आणि गवगवा होताच दोन आठवड्यांत परत दिली गेली. यात हिशेबाची तपासणी किती आणि दहशत किती, हे सांगायला लेखापाल नको.

आता काही शब्द स्वकीयांसाठी. डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांत एक वाक्य फार सहजपणे फेकले जाते: हे सारे मलमपट्टीचे काम आहे, याने व्यवस्था बदलत नाही, उलट असंतोष बोथट होतो. वाक्य अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे वाक्य आळशी माणसाला फार उपयोगी पडते. जखम वाहत असताना पट्टी बांधणाऱ्याला हिणविण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो सुरी हिसकावून घेण्यात गुंतलेला आहे. ऊसतोड कामगारांच्या प्रश्नावर भाषणे पुष्कळ झाली. परंतु फडावरून पळून आलेल्या बाईने रात्री कोणाचे दार ठोठावावे, या प्रश्नाला बीड जिल्ह्यात पक्षाच्या कोणत्या शाखेजवळ उत्तर आहे? धर्मभगिनींनी निदान एक दार उघडे ठेवले आहे. चळवळीला देवावर विश्वास ठेवण्याची गरज नाही, पण त्या दाराबद्दल आदर असायला हरकत नसावी.

दुसऱ्या टोकाला स्तुतिपाठकांची एक जात आहे. सेवाभावी संस्था किती छान काम करतात असे म्हणत ती शासनाची सुटका करून घेते. हा कावा ओळखला पाहिजे. एखाद्या संन्यासिनीचे कर्तृत्व कितीही थोर असले तरी ती साखर कारखान्याला मालक ठरवू शकत नाही, वेठबिगारीचे मुक्तिपत्र देऊ शकत नाही, किमान वेतनाचा खटला चालवू शकत नाही. ती विकल्या गेलेल्या माणसाला सोडवून आणील. विक्री थांबविणे हे राज्याचे काम आहे, आणि ते राज्याकडून करवून घेणे हे संघटनेचे काम आहे.

विक्री थांबत नाही, कारण साखळीत मालकच सापडत नाही. कारखाना करार करतो वाहतूकदाराशी, वाहतूकदार मुकादमाशी आणि मुकादम टोळीशी. तोडणी-वाहतुकीचा खर्च कापला जातो शेतकऱ्याच्या ऊसबिलातून. साखर कारखान्याची, ऊस शेतकऱ्याचा, ट्रक वाहतूकदाराचा आणि कर्ज मात्र कामगाराचे! मुकादमाला खलनायक ठरवून भागणार नाही. पुष्कळदा तो कालचा तोड्याच असतो आणि बुडालेल्या उचलीने तोही बुडतो. तो या साखळीतला लहान मासा आहे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा बीडहून कोल्हापूरला जाणाऱ्याला कधी लागूच पडला नाही, कारण तो राज्याची सीमा ओलांडत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदाही नव्या कामगार संहितेत विसर्जित झाला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ झाले, टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेण्याचे ठरले, मुलांच्या वसतिगृहांची योजना आली. यांतले काहीच वाईट नाही. परंतु कल्याण हे हक्काचे नाव नव्हे. कल्याण मिळते, हक्क बजावता येतो.

महाराष्ट्राला या रोगाचे औषध ठाऊक आहे आणि ते त्याने स्वतःच शोधलेले आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांच्या बाबतीत नेमका हाच गुंता सोडविला. मालक अनेक, कामगार फिरते, मध्ये मुकादम. कायद्याने मंडळ निर्माण केले, कामगारांची नोंदणी केली, मजुरी मंडळामार्फत दिली आणि भविष्यनिर्वाह निधीपासून नुकसानभरपाईपर्यंतची लेव्ही मालकांवर बसविली. मुकादमाची जागाच उरली नाही. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांची हयात ज्या हमालांच्या प्रश्नावर गेली, ते हमाल ऊसतोड कामगाराहून कमी असंघटित नव्हते. मग ऊसतोडीसाठी असे वैधानिक मंडळ का नको? कारखान्याने मंडळाकडे टोळीची मागणी करावी. पावसाळ्यातल्या अडचणीसाठीची रक्कम मंडळाने बिनव्याजी द्यावी आणि तिच्या बदल्यात माणूस गहाण पडू नये. कोयत्याऐवजी बाई आणि पुरुष यांची स्वतंत्र नोंद व्हावी आणि बाईची मजुरी तिच्याच खात्यात जावी. आजारपणाचा आणि बाळंतपणाचा खाडा भरपगारी असावा. एवढे झाले तर अपव्यापाराचे मूळच उखडेल, कारण उचलीची मक्तेदारी हेच त्याचे मूळ आहे.

हे मागून मिळणार नाही. पुढच्या दसऱ्याच्या आधी चौसाळ्याच्या रस्त्यावर एक टेबल मांडले गेले पाहिजे. जाणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव, वय, गाव, कारखाना आणि उचलीचा आकडा तिच्याच तोंडून लिहून घेतला पाहिजे. १९७६ च्या कायद्याने जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या सांगितल्या आहेत. त्या कोठे आहेत, कधी बसल्या, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारले पाहिजे. ज्या बाईला परत यायचे आहे आणि येऊ दिले जात नाही, तिच्यासाठी मुक्तिपत्राचा अर्ज केला पाहिजे. आणि तिला रात्रीपुरते छप्पर हवे असेल, तेव्हा त्या छपरावर क्रूस आहे की कळस, हे न पाहता ते दार ठोठावले पाहिजे. भगिनींनी आसरा द्यावा आणि कार्यकर्त्यांनी खटला लढवावा. या वाटणीत कोणाच्याही श्रद्धेला वा अश्रद्धेला तडा जात नाही.

दुर्गच्या फलाटावर दोन संन्यासिनींना विचारले गेले, या मुलींना कोठे घेऊन चाललात? प्रश्न योग्यच होता, पण तो चुकीच्या माणसांना आणि चुकीच्या जागी विचारला गेला. त्याची खरी जागा चौसाळ्याच्या रस्त्यावर आहे. तेथे तो विचारण्याची हिंमत ज्या दिवशी कायद्याला होईल, त्या दिवशी अपव्यापाराविरुद्धची लढाई सुरू झाली असे म्हणता येईल. तोवर ती फक्त धर्मभगिनींविरुद्धची लढाई आहे.